तुरीचा बेवड

आपल्या शेतकऱ्याच्या बोलीत ‘बेवड’ हा एक जुना शब्द आहे. एखादे पीक निघून गेल्यावर जमिनीत आपल्या पाठीमागे जे बरेवाईट ठेवून जाते, त्याला तो बेवड म्हणतो. कडधान्याचा बेवड चांगला, हे ज्ञान आपल्याकडे कोणत्याही विद्यापीठात जन्मले नाही. ते तिफणीमागे चालणाऱ्या माणसांनी पिढ्यानपिढ्या जतन केले. ह्या ज्ञानाचा आणि ज्या जमिनीवर ते नांदत होते तिचा इतिहास आज आपण पाहू. त्यासाठी आपल्याला पैनगंगेपलीकडे आदिलाबाद जिल्ह्यात जावे लागेल.

हा जिल्हा 1905 साली निजामाच्या राज्यात अस्तित्वात आला. किनवट आणि राजुरा हे आज महाराष्ट्रात असलेले तालुके 1956 पर्यंत त्याच जिल्ह्याचे भाग होते. उरलेला प्रदेश त्या वर्षी आंध्र प्रदेशात गेला, 2014 साली तेलंगणात आला आणि 2016 साली त्याचे चार जिल्हे झाले. राज्यांच्या सीमा अशा पुनःपुन्हा बदलल्या. परंतु तेथील गोंड, कोलाम व मराठीभाषक कुणब्यांच्या शेताची मांडणी फारशी बदलली नव्हती. ज्वारीच्या किंवा कापसाच्या काही तासांनंतर एक तास तुरीचा, हलक्या रानात मूग-उडीद, काळ्या जमिनीत रब्बीला हरभरा आणि दावणीला बैलजोडी, असा हा प्रपंच होता.

ह्या मांडणीत कोणतीही वस्तू वाया जात नसे. ज्वारीचे कणीस घरी येई आणि कडबा बैलांना जाई. तुरीची डाळ माणसांची, कुटार जनावरांचे आणि तुराट्या कुडाच्या भिंतीला व चुलीला. जनावरांचे शेण पुन्हा शेतात पडे. धान्य, कडधान्य आणि जनावर हे तिघे एकमेकांचे देणे असे फेडीत असत.

विज्ञानाला ह्या व्यवहाराचे मर्म कळण्यास एकोणिसाव्या शतकाची अखेर उजाडावी लागली. 1886 साली जर्मनीत हर्मान हेलरिगेल ह्यांनी दाखवून दिले, की द्विदल वनस्पती आपल्या मुळांवरील गाठींतल्या सूक्ष्म जीवांच्या साहाय्याने हवेतील नत्र मिळवितात. त्यानंतर तीनच वर्षांनी, 1889 मध्ये, इंग्लंडचे कृषिरसायनज्ञ जॉन ऑगस्टस व्होएल्कर हिंदुस्थानात आले. येथील शेती सुधारण्याचे उपाय सांगावेत, अशी त्यांच्याकडून अपेक्षा होती. परंतु 1893 च्या आपल्या अहवालात त्यांनी स्पष्ट लिहिले, की येथील चांगला रयत सामान्य इंग्रज शेतकऱ्याइतकाच कुशल आहे, काही बाबतींत त्याहूनही सरस आहे. त्याला उणे आहे ते साधनांचे.

पुढचा अध्याय हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथे घडला. कोरडवाहू प्रदेशातील पिकांसाठी 1972 साली तेथे इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संशोधनसंस्था स्थापन झाली. ज्वारी, हरभरा आणि तूर ही तिच्या अभ्यासाची मुख्य पिके. 1975 पासून ह्या संस्थेने आपल्या अकोला जिल्ह्यातील कान्झरा, सोलापूर जिल्ह्यातील शिरापूर अशा गावांत लहान शेतकऱ्यांच्या घरांतील पेरणी, मजुरी, गुरे व कर्ज ह्यांच्या तपशीलवार नोंदी ठेवल्या. त्या नोंदींच्या आधारे देशोदेशींच्या विद्यार्थ्यांनी डॉक्टरेटचे प्रबंध लिहिले. ज्या गावाला कोणी विचारीत नव्हते, त्याच्या गोठ्यातील जोडी आणि कणगीतील डाळ विद्यापीठांच्या चर्चेचा विषय झाली.

1980 साली राव आणि विली ह्या संशोधकांनी ज्वारी व तूर ह्यांच्या 94 प्रयोगांचा हिशोब मांडला. शेतकऱ्याचे दिवाळे निघेल अशी उत्पन्नाची एक पातळी धरली, तर नुसती तूर पाच वर्षांतून एकदा दगा देते, नुसती ज्वारी आठ वर्षांतून एकदा. पण दोन्ही एकत्र पेरल्यास असा प्रसंग छत्तीस वर्षांतून एकदाच येतो. आपल्या आजोबांना हे आकडे ठाऊक नव्हते. मात्र पाऊस फसलेली वर्षे त्यांच्या चांगलीच स्मरणात होती. 1990 साली पाटणचेरूतच काम करणाऱ्या जपानी शास्त्रज्ञांनी आणखी एक गोष्ट उजेडात आणली. तांबड्या जमिनीत लोहाशी जखडलेले स्फुरद इतर पिकांना सहसा घेता येत नाही. तुरीची मुळे एक विशिष्ट आम्ल सोडून ते मोकळे करतात. बेवडाचे आणखी एक कोडे असे उलगडले.

परंतु ह्या शहाणपणाला एक अट आहे. शेतकऱ्याच्या पायाखालची जमीन त्याची असली पाहिजे. बेवड म्हणजे पुढच्या वर्षासाठी केलेली ठेव. पुढच्या वर्षी शेत आपल्याकडे राहील की नाही, ह्याचा भरवसा नसलेला मनुष्य ठेव कशासाठी ठेवील?

आदिलाबादच्या गोंडांवर हाच प्रसंग आला. हलकी जमीन काही वर्षे कसून मग पडीत टाकायची, तिच्यावर गुरे चारायची आणि ती सावरली की पुन्हा नांगर धरायचा, ही त्यांची रीत. सरकारी कागदाला मात्र विसावा घेणारी जमीन आणि टाकून दिलेली जमीन ह्यांतील भेद दिसला नाही. पडीत रान राखीव जंगलाच्या हद्दीत गेले. पुष्कळशा चांगल्या जमिनीचे पट्टे बाहेरून आलेल्या लोकांच्या नावे झाले. ह्या असंतोषातून कुमराम भीमू उभा राहिला आणि 1940 साली जोडेघाट येथे गोळीबारात मारला गेला.

त्यानंतर मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ ह्या भागात आले. मारलवाई गावी राहून त्यांनी गोंडांचे जीवन अभ्यासले. त्यांच्या प्रयत्नांनी 1943 साली तेथे गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र निघाले आणि गोंडी वाचनमाला देवनागरी लिपीत तयार झाली. ‘लावणी खास’ नियमांखाली आदिवासींना जमिनीचे पट्टेही मिळू लागले. एका अभ्यासकाचे संशोधन लोकांच्या उपयोगी पडल्याचे हे उदाहरण शिक्षकांनी तरी विसरू नये.

पुढे संकट वेगळ्या वाटेने आले. 1964 साली ज्वारीचे पहिले संकरित वाण निघाले. दाणे वाढले, ताट बुटके झाले आणि कडबा घटला. मग सोयाबीन आले. 2002 पासून बीटी कापूस पसरला. अनेक शिवारांतून तुरीचा तास नाहीसा झाला, जनावरे कमी झाली आणि शेणखताची जागा दुकानातील पोत्याने घेतली. ह्याबद्दल शेतकऱ्याला दोष देणे सोपे आहे. पण ज्याला रोख पैशाची निकड आहे आणि ज्याच्या तुरीला भाव मिळेल की नाही हे ठाऊक नाही, त्याला केवळ परंपरेचा उपदेश करून भागणार नाही. तुरीला खात्रीचा भाव, गुरांना चराई आणि कसणाऱ्याच्या हाती पक्का पट्टा, एवढे झाले तर तो तास परत येईल.

पीक जसे आपल्यामागे बेवड ठेवते, तशी पिढीही ठेवते. मागल्या पिढ्यांनी निरक्षर असूनही जिवंत माती आपल्या स्वाधीन केली. आपण शिकलो, प्रबंध लिहिले, प्रयोगशाळा उभारल्या. आता आपल्यामागून पेरणाऱ्यांना आपला बेवड कसा लागेल, ह्याचा विचार आपणच करावयाचा आहे.