गुळातलं पाणी

लहानपणी मी वडिलांबरोबर कराडजवळच्या गुऱ्हाळावर जायचो. गुळव्या उकळत्या रसात भेंडीचा चीक घालून मळी काढायचा. वडील गुळाचा खडा तोंडात टाकायचे. एकदा तो खारट लागला. गुळव्या म्हणाला, “भाई, काहिलीचा दोष न्हाई. रान चोपण झालंय.”

हे बोलणं मला फार वर्षांनी कळलं, तेही जपानच्या एका गोष्टीमुळे. तिथे तांदळापासून साके नावाची दारू करतात. आपण ती चाखलेली नाही, पण गोष्ट चाखण्यासारखी आहे. यामामुरा ताझाएमोन याच्या दोन भट्ट्या होत्या, एक उओझाकीला, दुसरी निशिनोमियाला. निशिनोमियाची साके नेहमी सरस. त्याने कारागिरांची अदलाबदल केली, तांदूळ सारखा वापरला, फरक राहिलाच. शेवटी १८४० साली निशिनोमियाच्या विहिरीचं पाणी उओझाकीला नेलं, तेव्हा कोडं सुटलं. त्या पाण्यात लोह अगदी कमी. लोह जास्त असलं की साकेचा रंग नि चव बिघडते.

साकेत पाचातले चार भाग पाणी, आणि ते बाटलीत राहतं. उसाच्या रसातही पाणी जवळपास तेवढंच. पण आपण ते आटवून घालवतो. पाणी जातं, त्यात विरघळलेलं मीठ मात्र काहिलीत उरतं. असा गूळ खारट लागतो, ओल धरतो, पाझरतो.

मीठ उसात येतं कुठून? पूर्वी विहिरीवर मोट चाले. बैलांची दमछाक हीच पाण्याची मर्यादा होती. १८६० च्या दशकात कराडजवळ खोडशीला कृष्णेवर बंधारा बांधून कालवा काढला. पुढे विजेचे पंप आले, उपसा योजना आल्या. सातारा-सांगलीचा ऊस वाढला, घरं उभी राहिली, मुलं शिकली. पण काळ्या रानात पाणी निचरत नाही. जास्त पाणी दिलं की भूजल वर चढतं, उन्हाने वाफ होते आणि क्षार मातीत राहतात. काहिलीत होतं तेच रानात होतं.

हा धोका नवा नाही. कालव्याच्या पाण्याने बिघडणाऱ्या जमिनींचा अभ्यास व्हावा म्हणून १९३२ साली फलटण तालुक्यात पाडेगावला ऊस संशोधन केंद्र निघालं. क्षार सोसणारा फुले २६५ हा वाण याच केंद्राने दिला. तरीही वाळवा, मिरज भागात मीठफुटीने पांढरी पडलेली रानं दिसतात.

काही शेतकऱ्यांनी जमिनीखाली सच्छिद्र पाइप घालून अशी रानं पुन्हा पिकवली. मात्र पाइपातलं पाणी ओढ्यापर्यंत जायला खालच्या शेजाऱ्याने वाट द्यावी लागते, आणि वरच्याने पाणी हात राखून सोडावं लागतं. बांधावरून भांडणाऱ्या आपल्या गावांना हे जमलं, तरच नातवंडांच्या हातावर गोड खडा पडेल.