जुलैचं वाचन आणि एक रुपाया

जुलै संपला. या महिन्यात माझी पाच पुस्तकं वाचून झाली. माझ्या मानानं हा आकडा बराच मोठा आहे. कोल्हापूरकरांना कारण सांगायला नको. राजाराम बंधारा पाण्याखाली गेला की 'पाणी किती फुटांवर आलं?' या प्रश्नानंच इथला दिवस उजाडतो. ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी, हे शाळकरी पोरांनाही पाठ असतं. २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर तर शाहूपुरीत हा नुसता गप्पांचा विषय राहिलेला नाही. अशा दिवसांत बाहेरची कामं आपोआप कमी होतात आणि हात पुस्तकांकडे जातो.

दरवेळी मी हाताला येईल ते वाचतो. या वेळी मात्र आधीच ठरवलं होतं की आपण ज्या पेठेत राहतो ती वसवणाऱ्या माणसाबद्दल, आणि त्याच्या आधी करवीरच्या गादीवर काय घडलं त्याबद्दल, लागोपाठ वाचायचं. शाहू महाराज आम्हाला काही नवे नाहीत. २६ जूनची जयंती, शाळेतली भाषणं, दसरा चौकातला पुतळा... आणि नाव तर घराच्या पत्त्यातच! पण रोज पत्त्यात लिहिलेलं नाव आपण वाचत थोडंच असतो?

सुरुवात राजाराम महाराजांच्या डायरीनं केली. (शाहू महाराजांचे चिरंजीव राजाराम महाराज ते वेगळे. हे त्यांच्या आधीचे.) १८७० साली, विशीतला हा राजा समुद्र ओलांडून विलायतेला गेला. तिथं राणी व्हिक्टोरियाची भेट झाली, शहरं पाहिली, आणि हे सगळं ते इंग्रजीत टिपून ठेवत गेले. परतीच्या वाटेवर ३० नोव्हेंबर १८७० ला इटलीत फ्लॉरेन्स मुक्कामी त्यांचा मृत्यू झाला. अर्नो आणि मुन्योने या दोन नद्यांच्या संगमावर त्यांना अग्नी दिला गेला. आज तिथं त्यांची छत्री आहे आणि जवळच्या पुलाचं नावही 'इंडियानो' असं पडलंय. डायरी कॅप्टन वेस्ट यांनी संपादित करून १८७२ साली प्रसिद्ध केली. पुस्तक तसं लहानच. पण शेवट आधीच माहीत असल्यामुळे त्यातली साधीसाधी वाक्यंसुद्धा वाचवत नाहीत.

दुसरं पुस्तक आगरकरांचं, डोंगरीच्या तुरुंगातल्या १०१ दिवसांबद्दलचं. तुम्ही म्हणाल, आगरकर मध्येच कुठून आले? तर ते कोल्हापूरमुळेच आले. राजाराम महाराजांनंतर दत्तक आलेले चौथे शिवाजी महाराज वेडे झाले आहेत असं ठरवून इंग्रजांनी त्यांना नगरच्या किल्ल्यात ठेवलं होतं. त्यांचा छळ चाललाय म्हणून 'केसरी' आणि 'मराठा' यांनी कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर टीका केली. बर्व्यांनी खटला भरला आणि १८८२ साली टिळक-आगरकरांना चार महिन्यांची शिक्षा झाली. त्यातले १०१ दिवस त्यांनी प्रत्यक्ष भोगले. दोघेही तेव्हा पंचविशी-सव्विशीतले! त्यांच्या जामिनासाठी पुढे आले ते जोतीराव फुल्यांचे स्नेही रामशेठ उरवणे. त्या वेळचा महाराष्ट्र किती लहान होता आणि माणसं एकमेकांत किती गुंतलेली होती, हे अशा एखाद्या तपशिलातूनच कळतं. पुढे १९०१ मध्ये वेदोक्ताच्या वादात याच 'केसरी'नं शाहू महाराजांच्या विरोधात अग्रलेख लिहिले. ज्या गादीवरच्या राजासाठी संपादक तुरुंगात गेला, त्याच गादीवरच्या पुढच्या राजाशी त्याचं असं वाजलं.

नगरच्या किल्ल्यात ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर, २५ डिसेंबर १८८३ ला शिवाजी महाराज गेले. त्यांचंही वय वीसच.

इथं मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसलो. लागोपाठ दोन छत्रपती, दोघेही दत्तक आलेले, आणि दोघेही विसाव्या वर्षी गेलेले. एक परमुलखात, दुसरा कैदेत. त्यानंतर १७ मार्च १८८४ ला कागलच्या घाटग्यांचा यशवंतराव या गादीवर दत्तक आला तेव्हा तो दहा वर्षांचाही नव्हता. २ एप्रिल १८९४ ला राज्यकारभार हाती आला तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. म्हणजे दोघांचा प्रवास जिथं संपला त्याच वयात शाहू महाराजांचं काम सुरू झालं. ही सगळी सालं आपण सुटीसुटी वाचलेली असतात. पण ती एकाशेजारी एक मांडली की त्या कोवळ्या राजाच्या मागं केवढी सावली उभी होती ते दिसतं.

तिसरं पुस्तक म्हणावं की नाही कोण जाणे, कारण ते सरकारी गॅझेटियर आहे. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा चोविसावा खंड, कोल्हापूर संस्थानाचा, १८८६ सालचा. पिकं, बाजार, रस्ते, देवळं, गावं, सगळं ओळीनं. मी त्यात आमची शाहूपुरी शोधत नव्हतो, कारण ती तेव्हा नव्हतीच. आणि गंमत तिथंच आहे. वारांच्या नावांच्या पेठा आहेत, महालक्ष्मी आहे, पंचगंगा आहे. पण मी जिथं बसून हे वाचतोय ती जागा म्हणजे गावाबाहेरचं रान. रेल्वेसुद्धा नाही. कोल्हापूर-मिरज रेल्वेची पायाभरणी झाली १८८८ मध्ये, बाल शाहू महाराजांच्याच हस्ते, आणि गाडी सुरू झाली १८९१ मध्ये. त्याच्या आधी इथला माल बैलगाड्यांनी घाट उतरून कोकणातल्या बंदरांकडे जायचा.

मग १८९५ मध्ये, कारभार हाती आल्यावर वर्षभरातच, स्टेशनच्या बाजूला शाहूपुरी वसवली गेली, ती मुख्यतः गुळाच्या व्यापारासाठी. ऊस शेतकऱ्याचा, गूळ गुऱ्हाळावरचा, पण तो विकायला हक्काची पेठ हवी, आणि पेठेतून बाहेर न्यायला रेल्वे हवी. पुढे १९०६ मध्ये शाहू मिल आली आणि त्याच सुमारास भोगावतीवर राधानगरी धरणाची योजना सुरू झाली. धरण पूर्ण झालेलं बघणं काही त्यांच्या नशिबी नव्हतं. तरी पाणी, ऊस, गूळ, पेठ, रेल्वे ही साखळी एकदा डोळ्यांपुढे आली की कळतं, हा माणूस एकेक सुटी गोष्ट करत नव्हता. आता गुळाचे सौदे मार्केट यार्डात होतात. पण आमच्या पिढीला शाहूपुरी म्हटलं की अजून अडत दुकानांपुढची रव्यांची थप्पी आणि त्या गोडसर वासावर घोंगावणाऱ्या गांधीलमाश्याच आठवतात.

चौथं आणि पाचवं पुस्तक म्हणजे दोन चरित्रं. अण्णासाहेब लठ्ठ्यांचं इंग्रजी चरित्र दोन खंडांत १९२४ साली निघालं, महाराज गेल्यानंतर अवघ्या दोन वर्षांत. धनंजय कीरांचं इंग्रजी चरित्र त्यानंतर अर्धशतकानं, १९७६ चं. लठ्ठ्यांनी महाराजांना जवळून पाहिलेलं. कीर रत्नागिरीचे, टिळक, फुले, आंबेडकर यांचीही चरित्रं लिहिलेले. एक आतून लिहितो, दुसरा कागदपत्रांतून. दोन्ही लागोपाठ वाचल्यामुळे एकात निसटलेलं दुसऱ्यात सापडत गेलं.

या वाचनात मला सगळ्यात जास्त काय धरून ठेवलं असेल तर ते हुकूमनाम्यांतले बारीक तपशील. २६ जुलै १९०२ च्या हुकुमानं मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवल्या, हे आपण सगळेच जाणतो. त्या दिवसांत महाराज विलायतेत होते, सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी गेलेले. पण त्याच हुकुमात खातेप्रमुखांना असंही बजावलं होतं की ज्या कचेरीत हे प्रमाण ५० टक्क्यांहून कमी आहे तिथली पुढची नेमणूक याच वर्गातून करायची, आणि केलेल्या नेमणुकांचा तक्ता दर तीन महिन्यांनी पाठवायचा. हे मला फार महत्त्वाचं वाटलं. इरादा जाहीर करणारे पुष्कळ असतात. तिमाही तक्ता मागणारा विरळा! १८९४ मध्ये दरबारच्या ७१ अधिकाऱ्यांपैकी ६० ब्राह्मण होते. १९१२ मध्ये ९५ पैकी ३५. हा फरक भाषणांनी पडलेला नाही, तक्त्यांनी पडलाय.

तसंच सक्तीच्या शिक्षणाचं. बडोद्यात सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेलीत प्रयोग करून १९०६ मध्ये सक्तीचं शिक्षण संस्थानभर नेलं होतं. गोखल्यांनी १९११ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानसाठी तसं विधेयक आणलं, ते पुढच्याच वर्षी कौन्सिलात पडलं. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड ठेवला, महिना एक रुपया. सगळ्या देशासाठी शिक्षणाच्या हक्काचा कायदा व्हायला २००९ साल उजाडलं.

एक रुपया. या ठिकाणी आमच्या घरातल्या मंडळींना हसू येईल, कारण ती गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलोय. बाकीच्यांसाठी सांगतो.

माझे आजोबा, म्हणजे आमचे आबा, करवीर पेट्यातल्या एका खेड्यातले. घरात त्यांच्या आधी कुणी अक्षर गिरवलेलं नव्हतं. पणजोबांना गुरं राखायला पोरगं हवं होतं. शाळेच्या सक्तीची दवंडी गावात आली तेव्हा त्यांनी म्हणे दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी आबांना हाताला धरून शाळेत नेऊन बसवलं. गावात कुणी विचारलं तर सांगायचे, "पोरगं दिऊन टाकलं साळंला, रुपाया वाचला!" त्यांना शिक्षणाचं महत्त्व पटलं होतं वगैरे काही नाही. महिन्याला बंदा रुपया जाणार, ही भीती तेवढी खरी होती.

तेच आबा पुढे शाहूपुरीत एका अडत दुकानात दिवाणजी झाले. रोजमेळ, खतावणी, पट्टी, सगळं त्यांच्या हातचं. दुपारी सौदे उरकले की दुकानाच्या कट्ट्यावर बसून ते हमालांना पेपर मोठ्यानं वाचून दाखवायचे. त्यांच्या पगारावर आमच्या वडिलांचं शिक्षण झालं, वडिलांच्या पगारावर माझं. आता दुसरी बाजूही सांगायला हवी. त्याच घरातली आमची आजी कधी शाळेत गेली नाही. रेशनच्या दुकानात ती शेवटपर्यंत अंगठाच उठवायची, आणि आबांनी वाचून दाखवलेली पोथी तिला तोंडपाठ असायची. एकाच छपराखाली एकाला अक्षर मिळालं, एकाला नाही.

ही घरगुती गोष्ट मी आजवर पणजोबांच्या चिक्कूपणाचा किस्सा म्हणून सांगत आलोय. या महिन्यात तीच गोष्ट कीरांच्या पुस्तकातल्या एका कोरड्या तपशिलाशेजारी येऊन बसली आणि तिचा अर्थ वाढला. हुकूम काढणाऱ्याला पणजोबांची ओळख असणं शक्य नव्हतं. पण पणजोबांसारख्या माणसाची त्याला पक्की ओळख होती. त्याला ठाऊक होतं की उपदेशानं हा गडी हलणार नाही, रुपयानं हलेल. मोफत शाळा काढून तो थांबला असता तर आबा गुरांमागं गेले असते, आणि पावसाळ्यात घरी बसून पाच पुस्तकं वाचण्याची चैन मला कुठून परवडली असती?

६ मे १९२२ ला मुंबईत महाराज गेले. वय अवघं ४७. कारभार हाती आल्यापासूनची २८ वर्षं. २०२२ मध्ये त्यांच्या स्मृतिशताब्दीला सगळं कोल्हापूर १०० सेकंद जागच्या जागी उभं राहिलं होतं. मीही व्हीनस कॉर्नरला उभा होतो. चांगलंच वाटलं. पण त्यांचं काम नीट समजून घ्यायला १०० सेकंद पुरत नाहीत, आणि एक महिनाही पुरला नाही. वेदोक्त, माणगावची परिषद, वसतिगृहं, यांतल्या एकेकावर महिना-महिना बसावं लागेल. ऑगस्टमध्ये वसतिगृहांपासून सुरुवात करावी म्हणतो. कुणाकडे व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग किंवा मिस क्लार्क बोर्डिंगबद्दल काही जुनं छापील असेल तर जरूर कळवा, वाचून परत करीन.

आणि एक काम घरच्यांसाठी. आबांचा शाळेचा दाखला आपल्यापैकी कुणीच पाहिलेला नाही. नाव कोणत्या साली दाखल झालं, कोणत्या यत्तेपर्यंत शिकले, सगळं ऐकीव. आत्या, तुझ्याकडच्या लोखंडी ट्रंकेत आबांच्या वह्यांच्या खाली काही पिवळे कागद आहेत असं तू मागं म्हणाली होतीस. पाऊस उघडला की त्यांना जरा ऊन दाखव, आणि बघ बाई काय निघतंय ते.