सिंधुदुर्गाच्या तटाखालचे प्रवाळ : मोजणीचा उशिरा सुरू झालेला इतिहास

१/ शहाडच्या पुलावरून उल्हास नदी पाहणाऱ्या माझ्या पिढीला जलपर्णीचा हिरवा थर हे नदीचे नेहमीचेच रूप वाटते. आजीला तसे वाटत नाही. तिच्या आठवणीतल्या नदीचा तळ दिसत असे. आम्हा दोघींची नदी एकच आहे, मोजणी कुठून सुरू केली एवढाच फरक. आजचा धागा या फरकाविषयी आहे. पण नदीविषयी नव्हे, तर मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या तटाखाली जगणाऱ्या प्रवाळांविषयी.

२/ तरीही सुरुवात आमच्याच परिसरातून करते. शहाडला लागून असलेले कल्याण इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत ‘कल्लिएना’ या नावाने येते. याच ग्रंथात बरिगाझा, म्हणजे आजचे भडोच, येथे जहाजांतून उतरणाऱ्या मालाची यादी आहे आणि त्या यादीत पोवळे आहे. सिंधच्या आणि मलबारच्या बंदरांकडे येणाऱ्या मालातही ते आहे.

३/ त्याच शतकातला रोमन लेखक प्लिनी लिहितो की रोमन लोकांना मोत्यांचे जितके मोल, तितके भारतीयांना पोवळ्यांचे. पुढचे त्याचे निरीक्षण मला अधिक महत्त्वाचे वाटते. भारतातल्या मागणीमुळे पोवळे ज्या प्रदेशात सापडते तिथेच ते दुर्मीळ झाले आहे, असे तो म्हणतो. प्रवाळांच्या ऱ्हासाविषयीच्या जुन्या नोंदींपैकी ही एक, आणि तिच्यात कारण म्हणून आपण आहोत.

४/ हे पोवळे म्हणजे भूमध्य समुद्रातले तांबडे प्रवाळ. मंगळाच्या अंगठीत बसते ते हेच. उष्ण कटिबंधातल्या उथळ पाण्यात चुनखडीची बेटे उभारणारे कठीण प्रवाळ निराळ्या गटातले. त्यांच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतात, प्रकाशातून अन्न तयार करतात आणि त्यातला वाटा प्रवाळाला देतात. म्हणून त्यांना स्वच्छ, उबदार, उजेडाचे पाणी लागते.

५/ कोकणच्या किनाऱ्यावर नेमकी याचीच वानवा. पावसाळ्याचे चार महिने नद्या गोडे पाणी आणि गाळ समुद्रात ओततात. त्यामुळे लक्षद्वीपसारखी विस्तीर्ण प्रवाळबेटे इथे घडली नाहीत. जे प्रवाळ तगले ते गढूळपणा सोसणारे : पानांच्या घड्यांसारखी वाढणारी टर्बिनारिया, गोटोळी पोराइट्स आणि त्यांचे काही सोबती. दिसायला ते फारसे देखणे नाहीत. ओहोटीला उघड्या पडलेल्या खडपावर पाय ठेवणाऱ्याला ते दगडच वाटतात.

६/ सिंधुदुर्गाची बांधणी १६६४ मध्ये कुरटे बेटावर सुरू झाली. आसपासचे पाण्याखालचे खडक हेच त्या जागेचे संरक्षण होते. मोठ्या जहाजाला तिथून वाट काढणे अवघड. म्हणजे ते खडप आपल्या आरमारी माणसांना वावा-वावाने ठाऊक असणार. मात्र त्या खडपांवर काय जगते याविषयीचे एक वाक्यही मी आजवर वाचलेल्या मराठी कागदांत मला भेटलेले नाही. दोष कुणाचा नाही. नोंद गरजेपोटी होते, आणि खडक जिवंत आहे की नाही हे कळण्याची गरज नौकानयनाला नव्हती.

७/ लिखित नोंद यायला विसाव्या शतकाची अखेर उजाडली. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या, गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या ‘महासागर’ या नियतकालिकात १९७९ साली एस. झेड. कासिम आणि एम. व्ही. एम. वाफर यांचा छोटा लेख आला : पश्चिम किनाऱ्यावर अनेक ठिकाणी जिवंत प्रवाळ आढळतात. त्या ठिकाणांत मालवण होते. सिंधुदुर्गाची पायाभरणी आणि हा लेख यांत तीनशे पंधरा वर्षांचे अंतर आहे.

८/ १३ एप्रिल १९८७ रोजी मालवण सागरी अभयारण्य घोषित झाले. क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर. गाभ्याचे क्षेत्र जेमतेम ३.१८, त्यात सिंधुदुर्ग आणि पद्मगड. मच्छीमारांनी याला विरोध केला, आणि तो समजून घेण्याजोगा आहे. ज्या पाण्यात रापण ओढून पिढ्या जगल्या, तिथली रेघ त्यांना न विचारता आखली जात होती. २००१ मध्ये सर्व कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आले. कायद्याच्या दृष्टीने तटाखालचा तो ‘दगड’ वाघाच्या पंक्तीला बसला.

९/ संरक्षण जाहीर करणे एका दिवसाचे काम आहे, मोजणी मात्र दर वर्षी करावी लागते. पाणबुडा तळाशी मोजपट्टी अंथरतो आणि तिच्याखाली ठरावीक अंतरावर काय आहे ते लिहितो : जिवंत प्रवाळ, मेलेला प्रवाळ, शैवाल, वाळू. पट्टीच्या किती टक्के भागात जिवंत प्रवाळ आला, ते त्या जागेचे आच्छादन. जोडीला चौकटी ठेवून छायाचित्रे, जातींची यादी, रोगांच्या खुणा, पाण्याचे तापमान. पुढच्या वर्षी पुन्हा तीच जागा, तोच हंगाम. इतिहासाच्या विद्यार्थ्याला ही पद्धत ओळखीची वाटेल. ही दफ्तरखान्याचीच शिस्त. एक सुटा कागद फार काही सांगत नाही, सलग रुमाल हाती लागला तर गावाचा चढउतार वाचता येतो.

१०/ सलग रुमाल कसा बोलतो त्याचे उदाहरण लक्षद्वीप. १९९८ च्या उष्ण लाटेत तिथले प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले. पाणी नेहमीपेक्षा तापले की प्रवाळ आपल्यातले शैवाल बाहेर टाकतो, रंग जातो, आणि ताप टिकला तर तो उपासमारीने मरतो. याला विरंजन म्हणतात. त्या वर्षापासून नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशनचे संशोधक तिथे मोजत राहिले. २०१० आणि २०१६ च्या लाटाही त्यांच्या वहीत आल्या. म्हणून आज सांगता येते की १९९८ मध्ये सुमारे ३७ टक्के असलेले जिवंत आच्छादन २०२२ पर्यंत २० टक्क्यांच्या आत आले.

११/ मालवणविषयी असे वाक्य लिहिता येत नाही, आणि माझी खंत ती आहे. नोंदी आहेत, पण तुटक. मालवणच्या प्रवाळांचे विरंजन ‘करंट सायन्स’मध्ये २०१५ साली नोंदले गेले. टर्बिनारियाच्या सांगाड्यावरच्या विकृत वाढींवर २०१६ मध्ये निबंध आला. हौशी पाणबुड्यांमुळे होणाऱ्या मोडतोडीवर २०२० मध्ये आला. प्रत्येक निबंध मोलाचा, पण त्यांच्या आधीचा काळ कोरा आहे. १९५० मध्ये तटाखाली किती प्रवाळ होता? १८५० मध्ये? घट झाली असे अनेक जण म्हणतात. कशाच्या तुलनेत, हे कुणालाच सांगता येत नाही.

१२/ मत्स्यशास्त्रज्ञ डॅनियल पॉली यांनी १९९५ मध्ये या आजाराला नाव दिले : सरकती आधाररेषा. प्रत्येक पिढी आपल्या तरुणपणी पाहिलेला समुद्र ‘मूळ’ धरते, आणि झीज त्या रेषेपासूनच मोजते. आधीचे नुकसान हिशेबातच येत नाही. उल्हासच्या काठावर मी नेमके हेच करत होते.

१३/ एक प्रसंग सांगते. दोन वर्षांपूर्वी किल्ल्याजवळ मी पहिल्यांदा स्नॉर्केलिंग केले. सोबतच्या माणसाने छायाचित्रासाठी खालच्या ‘खडकावर’ उभे राहायला सांगितले, आणि मी राहिले. नंतर छायाचित्र मोठे करून पाहिले तेव्हा पायाखाली घड्या-घड्यांची टर्बिनारिया दिसली. पोराइट्ससारखा प्रवाळ वर्षाला साधारण सेंटिमीटरभर वाढतो, हे मी वाचले त्यानंतर.

१४/ जाता जाता आंग्रिया बँकेबद्दल. विजयदुर्गपासून सुमारे १०५ किलोमीटर आत, कान्होजी आंग्र्यांच्या घराण्याचे नाव वागवणारे हे बुडालेले पठार. माथा वीसेक मीटर खोल, नद्यांच्या गाळापासून दूर, म्हणून तिथले प्रवाळ अधिक बहरलेले. डिसेंबर २०१९ – जानेवारी २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी तिथे मोहीम नेली. हे क्षेत्र बारा सागरी मैलांच्या बाहेर असल्याने नेहमीच्या अभयारण्याची तरतूद तिथे लागू होत नाही. त्यामुळे १९७६ च्या सागरी क्षेत्र कायद्याखाली संरक्षण देण्याचा प्रस्ताव राज्याने २०२० मध्ये पुढे केला. इथे निदान पहिले पान लवकर लिहिले गेले आहे.

१५/ मालवणची मागची पाने भरायला दोन साधने उरतात. एक प्रवाळ स्वतःच : झाडाच्या खोडासारखी त्याच्या सांगाड्यातही वार्षिक वलये असतात, आणि ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरच्या जुन्या पोराइट्समधून शतकांचे तापमान वाचले गेले आहे. मालवणच्या लहान गोटोळ्यांतून एवढे मागे जाता येणार नाही. दुसरे साधन माणसे. पंचाहत्तरीचा रापणकर १९७९ च्या लेखाआधीचा साक्षीदार आहे. कुठल्या खडपावर जाळे अडके, कुठे पाय कापत असे, कुठला मासा तिथे मिळे, हे त्याला विचारता येते. मौखिक इतिहासाच्या शिस्तीने, जागा आणि साल पडताळून विचारायला हवे, एवढेच.

१६/ मालवण, देवबाग, तारकर्ली किंवा वेंगुर्ल्याकडचे कुणी वाचत असाल तर विनंती : घरात १९८० च्या आधीची, उधाणाच्या ओहोटीला किल्ल्याच्या बाजूने घेतलेली छायाचित्रे असतील, मागे लग्नाचे वऱ्हाड असले तरी चालेल, तर कृपया कळवा. मला त्यातले खडप पाहायचे आहेत.