सत्तावीस की सदतीस

प्रूफ तपासायला माणसं दोन लागतात. एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची आणि दुसऱ्याने प्रूफावर पेन्सिलीचं टोक सरकवत जायचं. वाचणारा नुसते शब्द वाचत नाही, 'पहिली वेलांटी, दुसरा उकार, स्वल्प, पूर्ण' असं सगळं उच्चारतो. माझे वडील जळगावात एका छापखान्यात कंपोझिटर होते. खिळे जुळवायची खोली आणि ट्रेडलची खोली यांच्यामधलं दार प्रूफ वाचताना लावून घ्यायचं, हा तिथला नियम होता. तेव्हा आवाज करणारं यंत्र दाराच्या पलीकडे असे. पुढे ते टेबलावरच येऊन बसलं.

मी १९९४ साली अक्षरजुळणीचं काम सुरू केलं ते ४८६ चिपच्या एका संगणकावर. त्याच्या आधीच्या ३८६ची चिप बहुधा उघडीच असायची. ४८६च्या वेगवान प्रकारांवर अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या आल्या आणि पुढे त्यावर छोटा पंखाही बसू लागला. १९९३ साली आलेला पहिला पेन्टियम ५ व्होल्टवर चालायचा आणि जोरात काम करताना १५-१६ वॅट खायचा. आज हा आकडा लहान वाटतो, पण त्या वेळी चिप इतकी तापते याचीच चर्चा होती. पुण्याची श्री-लिपी, पेजमेकर आणि लग्नपत्रिकांसाठी कोरलड्रॉ एवढ्यावर आमचं दुकान चालायचं. या कामाला गती किती लागते? टाइप करणारी बोटं मिनिटाला तीस-चाळीस शब्दांपलीकडे जात नाहीत.

तरीही २००४च्या दिवाळीत मी त्या वेळचं सर्वांत वेगवान म्हणून दाखवलेलं यंत्र घेतलं. सहा महिन्यांनी मे उजाडला. जळगावचा मे म्हणजे ४४ अंश, आणि लग्नसराईही नेमकी तेव्हाच. डब्यातला पंखा सकाळी अकरापासून असा घोंघावू लागायचा की फोनवर बोलायला मी बाहेरच्या ओट्यावर जायची. आमच्याकडे एक निवृत्त गुरुजी प्रूफ वाचायला येत, आवाज मृदू. एका पत्रिकेचा मुहूर्त त्यांनी 'बारा वाजून सदतीस' असा वाचला आणि मी 'सत्तावीस' ऐकलं. छापलेला आकडाही २७च होता, म्हणून माझी पेन्सिल पुढे सरकली. साडेतीनशे पत्रिका रातोरात पुन्हा छापून दिल्या. गुरुजी कितीतरी दिवस स्वतःला दोष देत राहिले. चूक माझी होती. खोली कशी आहे आणि काम कोणतं आहे हे न पाहता मी यंत्र निवडलं होतं.

त्यानंतर मी या विषयाच्या मागे लागले. मिळेल ते वाचलं, दुरुस्तीला येणाऱ्या मुलाला प्रश्न विचारून भंडावलं. तेव्हा कळलं की आमच्या खोलीत जे घडत होतं, तेच साऱ्या जगाच्या चिप-धंद्यात घडत होतं.

चिपची उष्णता गतीबरोबर वाढते, पण व्होल्टबरोबर ती वर्गाच्या पटीत वाढते. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांनी १९७४ साली मांडलं होतं की ट्रान्झिस्टर लहान करत जा, त्याच प्रमाणात व्होल्ट उतरवा, म्हणजे तेवढ्याच जागेत जास्त ट्रान्झिस्टर बसूनही उष्णता वाढणार नाही. जवळजवळ तीस वर्षं हे जमलं. मग ट्रान्झिस्टर इतके बारीक झाले की बंद असतानाही त्यांतून वीज झिरपू लागली. तोटी बंद आहे आणि तरी हौद रिकामा होतोय, तशी ही गळती. ती आवरायची तर व्होल्ट आणखी उतरवता येईनात. फेब्रुवारी २००१मध्ये इंटेलच्या पॅट गेल्सिंगर यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या परिषदेत जाहीर इशारा दिला होता की हे असंच चाललं, तर चिपच्या पृष्ठभागावरची उष्णता अणुभट्टीच्या पंक्तीला जाऊन बसेल.

तरी गतीची शर्यत थांबली नाही, कारण दुकानात गिगाहर्ट्झ विकला जात होता. फेब्रुवारी २००४मध्ये इंटेलचा 'प्रेस्कॉट' नावाचा पेन्टियम ४ आला. त्याचा साधा प्रकार ८९ वॅटचा आणि वरचे १०३ ते ११५ वॅटचे. त्याच वर्षी मे महिन्यात कंपनीने त्याच्या पुढची 'तेजास' ही चिप रद्द केली आणि ऑक्टोबरमध्ये ४ गिगाहर्ट्झचा पेन्टियम ४ही सोडून दिला. माझ्या मते छोट्या कार्यालयाच्या दृष्टीने संगणकाच्या इतिहासातलं सर्वांत महत्त्वाचं वर्ष हेच.

इंटेलचा त्या काळचा एक नियम वाचून मात्र मी थक्क झाले. डबा कसा असावा हे ठरवताना खोलीचं तापमान ३५ अंश धरलेलं होतं आणि चिपच्या पंख्यापाशी पोचणारी हवा ३८च्या वर जाऊ नये असं म्हटलं होतं. आमच्या मे महिन्यात पंख्याला मिळणारी सगळ्यात गार हवाच त्याहून गरम! शिवाय फार तापल्यावर जळू नये म्हणून पेन्टियम ४ स्वतःच मधूनमधून थांबून काम करतो. म्हणजे वेगासाठी जास्तीचे पैसे मोजायचे आणि दुपारी तो वेग मिळायचाच नाही.

थंड रस्ता शोधणारे लोक तेव्हाही होते. टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या सेंटॉर या छोट्या चमूने तैवानच्या व्हाया कंपनीसाठी सी-३ ही चिप बनवली होती. १७ सेंटिमीटर चौरस बोर्डावर तिचे मंद गतीचे प्रकार पंख्याशिवाय चालत. एएमडीने २००३च्या अ‍ॅथलॉन ६४मध्ये काम नसेल तेव्हा गती आणि व्होल्ट दोन्ही उतरवायची सोय दिली. त्याच वर्षी इस्रायलमधल्या हैफाच्या अभियंत्यांचा पेन्टियम एम आला, १.६ गिगाहर्ट्झला २४.५ वॅटचा. तो लॅपटॉपसाठी होता. पण पुढे सगळी इंटेल वळली ती याच वाटेने. जुलै २००६चा कोअर २ ड्युओ त्याच घराण्यातला, ६५ वॅटचा.

आम्ही टायपिंगसाठी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून एक सी-३चा बोर्ड आणला. फोटोचं काम त्याच्याकडून अपेक्षितच नव्हतं, मजकुरासाठी तो पुरला. मुख्य यंत्र बदललं २००७च्या मे महिन्याआधी. भारनियमनाचे दिवस होते ते, वीज रोज चार-सहा तास जायची. इन्व्हर्टरची १५० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास, हाती लागतात फार तर बाराशे. काचेच्या जाड पडद्यासकट एक जुनं यंत्र दोनशे वॅट ओढायचं. अशी तीन चालवली की दोन तासांत अंधार. हलकी यंत्रं आणि सपाट पडदे आल्यावर तीच बॅटरी चार तास पुरू लागली. गुरुजींचा आवाज खोलीभर ऐकू येऊ लागला.

नुसता चिपचा आकडाही पुरत नाही. २००८ साली ४ वॅटचा अ‍ॅटम आला, पण त्याच्या पहिल्या बोर्डावर सोबतची चिप २२ वॅटची होती. पंखा तिच्या डोक्यावर, आणि अ‍ॅटमवर नुसत्या पट्ट्या.

आज ६ वॅटचा एन१०० प्रोसेसर मिळतो, नावाच्या शेवटी टी अक्षर असलेले ३५ वॅटचे प्रोसेसर मिळतात. आमच्यासारखं काम असेल तर एवढं भरपूर आहे. डब्यावर ६५ वॅट लिहिलेलं असेल तर दुकानदाराला दुसरा आकडाही विचारा: जोरात काम करताना किती? आय५-१२४०० या प्रोसेसरचं उत्तर ११७ आहे. आणि खरेदी थंडीत करत असाल, तर त्या खोलीतली मे महिन्याची दुपार आठवून मगच पैसे द्या.