घटका भरत आली

तारीख 3 डिसेंबर 2015. तुम्ही पॅरिसमध्ये आहात, पाँतेओंच्या भव्य खांबांसमोरच्या चौकात. जाड कोट घालून आलात खरे, पण बटणं सोडावीशी वाटतायत. हा महिना फ्रान्सच्या नोंदींतला तोवरचा सर्वांत उबदार डिसेंबर ठरणार आहे. भोवतालच्या गर्दीला ते अजून ठाऊक नाही, तुम्हाला आहे. पुढच्या काळातून आलेल्या माणसाची हीच पंचाईत असते.

शहर अजून सावरलेलं नाही. तीन आठवड्यांपूर्वीच्या दहशतवादी हल्ल्यांत 130 माणसं गेली. आणीबाणी आहे, मोर्च्यांना बंदी आहे. म्हणून गेल्या रविवारी लोकांनी रिपब्लिक चौकात हजारो जोडी बूट, चपला मांडून ठेवल्या. माणसं चालली नाहीत, पादत्राणं उभी राहिली. शहराबाहेर ल बूर्जेला जगभरचे प्रतिनिधी हवामान कराराच्या मसुद्यावर घासाघीस करत बसलेत.

आणि इथे, तुमच्यासमोर, फरसबंदीवर बर्फाचे बारा प्रचंड तुकडे मांडलेत. वर्तुळात, घड्याळाच्या तबकडीवरच्या आकड्यांसारखे. सगळे मिळून सुमारे 80 टन. काही दुधी, काही निळसर, काही इतके नितळ की पलीकडच्या माणसाचा चेहरा वाकडातिकडा दिसतो. ओलाफुर एलियासन हा डॅनिश-आइसलँडिक कलावंत आणि मिनिक रोझिंग हा ग्रीनलँडचा भूवैज्ञानिक, या दोघांनी हे घडवून आणलंय. तुकडे हिमनदीवरून कापलेले नाहीत. ग्रीनलँडच्या हिमचादरीपासून आधीच तुटून नूकजवळच्या फ्योर्डमध्ये तरंगत होते, तिथून ओढून काढले, शीतपेट्यांत घातले आणि बोटीने, मग ट्रकने इथवर आणले. कलाकृतीचं नाव ‘आइस वॉच’. वॉच म्हणजे घड्याळ आणि वॉच म्हणजे पहाराही. मराठी कानाला यात नवल वाटू नये. आपले प्रहर आणि पहारा एकाच मुळातून आलेत.

दोरी नाही, ‘हात लावू नये’ची पाटी नाही. एक पोर बर्फ चाटून बघतंय, त्याची आई त्याला ओढतेय आणि स्वतःच तळवा टेकवून थबकलीय. तुम्हीही जवळ जा. कान लावा.

तड. तड तड. फोडणीतली मोहरी लांबच्या स्वयंपाकघरात तडतडावी, तसा आवाज. बर्फात दाबून कोंडलेले हवेचे बुडबुडे फुटतायत. एक अगदी तुमच्या नाकाशी फुटतो, आणि तुम्ही पॅरिसमध्ये उरत नाही.

हजारो वर्षं मागे. नजर पोचेल तिथवर पांढरं. हिम पडतंय, त्यावर पुन्हा हिम, त्यावर पुन्हा. खालचे थर वरच्यांच्या भाराने घट्ट होतायत आणि कणांमधली हवा आत अडकून पडतेय. कोळशाचं इंजिन अजून कुणाच्या स्वप्नातही नाही. दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइड फार तर 280 भाग. हीच हवा मघाशी तुमच्या श्वासात शिरली.

तड. पुन्हा चौक. इथे तोच आकडा 400.

शेजारचा म्हातारा पुटपुटतो, “बर्फ वितळतोय हे दाखवायला एवढं डिझेल जाळायचं?” प्रश्न चोख आहे. या खटाटोपाचा हिशेब मांडला गेलाय: सुमारे 30 टन कार्बन डायऑक्साइड. कलेने स्वतःचं बिल झाकून ठेवलं नाही, पण म्हणून ते फिटलं असंही नाही. म्हाताऱ्याला उत्तर द्यायची घाई करू नका. तोही बर्फावरचा हात काढत नाहीये.

आता नऊ दिवस पुढे. 12 डिसेंबरची संध्याकाळ, ल बूर्जे. परिषदेचे अध्यक्ष लोरां फाबियुस छोटा हिरवा हातोडा आपटतात, करार मंजूर होतो. माणसं उठून टाळ्या वाजवतायत, काहींचे डोळे भरलेत. तापमानवाढ 2 अंशांच्या बरीच खाली ठेवायची, 1.5 अंशांसाठी झटायचं. तुम्हाला 2024 ठाऊक आहे: सबंध वर्षाची सरासरी वाढ 1.5 अंशांच्या वर गेलेलं पहिलं वर्ष. सांगावं यांना? पण सांगणार काय? आलेख, अंदाज, धोके, सगळं त्यांच्या टेबलांवरच्या गठ्ठ्यांत आहे. त्यांच्याकडे माहिती कमी नाही. कमी आहे ती चौकातली गोष्ट: वेळ जाताना तळव्याला जाणवणं.

आपल्याकडे लग्नघरात मुहूर्ताची वेळ मोजायला घंगाळातल्या पाण्यात घटिकापात्र सोडायचे. तळाला बारीक भोक असलेली वाटी. पाणी चढत जाई, 24 मिनिटांनी वाटी बुडे. ‘घटका भरली’ हे आपण मरणाबद्दलही म्हणतो, ते तिथूनच. वाटी बुडताना गाजावाजा करत नाही, म्हणून तिच्यापाशी जागता माणूस बसवावा लागे. तिच्यावरची नजर हलवायची नाही, एवढंच त्याचं काम.

चौकात परत या. रात्र झालीय. बर्फाचं पाणी फरशांच्या सांध्यांतून गटाराकडे निघालंय. कुणीतरी अजून कान लावून उभं आहे.

घटिकापात्रातलं पाणी ओतून वाटी पुन्हा सोडता येई. या बारा तुकड्यांना ती सोय नाही.