शिन-हांगा निसर्गचित्रे

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जपानमध्ये बहरलेला, लाकडी ठशांवरून छापलेल्या निसर्गचित्रांचा प्रवाह. चित्रकार, ठसे कोरणारा, छपाई करणारा आणि प्रकाशक अशा चौघांनी मिळून चित्र सिद्ध करायचे, ही एदो काळातील (१६०३–१८६८) उकियो-ए चित्रांची रीत या प्रवाहाने जपली. उजेड, हवा आणि दिवसाचा प्रहर टिपण्याची दृष्टी मात्र त्याने युरोपीय चित्रकलेतून घेतली. प्रकाशक वातानाबे शोझाबुरो (१८८५–१९६२) आणि चित्रकार कावासे हासुई (१८८३–१९५७) व योशिदा हिरोशी (१८७६–१९५०) ही यातील प्रमुख नावे.

पाश्चात्त्य प्रभाव म्हटला की यथादर्शन आधी आठवते. पण ते जपानी मुद्राचित्रांत फार पूर्वीच रुजले होते. १७४० च्या सुमारास ओकुमुरा मासानोबू व इतरांनी खोलीचा आभास देणारी ‘उकी-ए’ चित्रे काढली. शिबा कोकानने १७८३ मध्ये डच ग्रंथांच्या आधारे ताम्रपटावरून निसर्गचित्र छापले. होकुसाईच्या फुजी पर्वताच्या प्रसिद्ध मालिकेतील गडद निळा रंग १८३० च्या सुमारास सहज मिळू लागलेला, युरोपातून आलेला प्रशियन निळा आहे. त्यामुळे होकुसाई-हिरोशिगे हे उकियो-ए चित्रकार अस्सल जपानी आणि नंतरचे सारे परदेशी वळणाचे, ही नेहमीची विभागणी टिकत नाही.

नवा बदल झाला तो प्रकाशाच्या बाबतीत. कोबायाशी कियोचिकाने (१८४७–१९१५) १८७६ ते १८८१ या काळात तोक्योची दृश्ये छापली. गॅसचे दिवे, आगगाडी, ओल्या रस्त्यावर पडलेला खिडक्यांचा उजेड हे त्याचे विषय. काळ्या बाह्यरेषेवरचा भर त्याने कमी केला आणि आकार छायाप्रकाशातून उभे केले. पुढच्या पिढीला ही दृष्टी थेट शिक्षणातून मिळाली. फ्रान्सहून १८९३ मध्ये परतलेल्या कुरोदा सेइकीने खुल्या हवेतील चित्रणाचा पुरस्कार केला आणि १८९६ मध्ये हाकुबाकाई हे कलामंडळ स्थापले. हासुई पाश्चात्त्य पद्धतीचे चित्रण शिकला तो याच मंडळाच्या संस्थेत. पारंपरिक चित्रकार काबुराकी कियोकाता याचे शिष्यत्व त्याला त्यानंतर मिळाले.

वातानाबेने आपले प्रयोग परदेशी चित्रकारांपासून सुरू केले, ही बाब बोलकी आहे. १९१५ मध्ये ऑस्ट्रियाचा फ्रिट्झ कापेलारी आणि १९१६ मध्ये इंग्रज चित्रकार चार्ल्स बार्टलेट यांची चित्रे त्याने ठशांवर उतरवली. बार्टलेटच्या चित्रांत आग्रा, काशी, उदयपूर ही भारतातील स्थळे होती. जलरंगातील तरल छटा लाकडातून उमटवता येतात, हे त्या कामातून कारागिरांच्या हाती आले. हासुईची पहिली मुद्राचित्रे १९१८ मध्ये निघाली. ‘शिबा येथील झोजोजी’ (१९२५) या त्याच्या चित्रात लाल मंदिर, तिरपा बर्फ आणि छत्री सावरत जाणारी स्त्री आहे. तिथे खरा विषय हवामान हाच आहे. साधने मात्र जुनीच राहिली : चेरीच्या लाकडाचे ठसे, पाण्यात कालवलेले रंग, हातकागद आणि कागद मागून घासण्यासाठी बांबूच्या आवरणपर्णात गुंडाळलेली ‘बारेन’ ही गोल चकती. आकाशातील उतरती छटा कारागीर दर वेळी ठशावरच रंग पुसत नेऊन साधतो. तिला ‘बोकाशी’ म्हणतात.

१ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपात आणि आगीत वातानाबेचे ठसे व छापील चित्रांचा साठा नष्ट झाला. त्याच्यासाठी योशिदाने केलेल्या चित्रांचे ठसेही त्यात गेले. योशिदा मूळचा तैलरंग व जलरंगाचा चित्रकार. १८९९ मध्येच त्याने अमेरिकेत आपली चित्रे विकली होती. भूकंपानंतर तो पुन्हा तिकडे गेला आणि १९२५ मध्ये परतल्यावर त्याने स्वतःची कार्यशाळा उघडली. त्याच वर्षी मॅटरहॉर्न, स्फिंक्स, अथेन्सचे अॅक्रोपोलिस ही दृश्ये त्याने छापली. कारागिरांवर त्याची बारीक देखरेख असे आणि तशा प्रतींच्या कडेला ‘जिझुरी’ हा शिक्का असे. सर्व निर्णय चित्रकाराचेच, ही कल्पना पाश्चात्त्य कलाविश्वातली. समासातील इंग्रजी शीर्षक आणि पेन्सिलीने केलेली सही परदेशी ग्राहकासाठी होती.

योशिदाची सर्वांत मोठी झेप १९२६ च्या ‘शिडाच्या होड्या’ या मालिकेत दिसते. मुख्यतः तेच ठसे वापरून, केवळ रंग बदलून त्याने सकाळ, दुपार, धुके, संध्याकाळ, रात्र असे प्रहर छापले. दृक्प्रत्ययवादी चित्रकार क्लोद मोनेला गवताच्या गंजी दर बदलत्या उजेडासाठी नव्या कॅनव्हासवर रंगवाव्या लागल्या. दृक्प्रत्ययवाद्यांना हवे असलेले हे कालभान लाकडी ठशात अंगभूतच होते आणि योशिदाने ते ओळखले. पाश्चात्त्य कल्पनेने इथे जुन्या तंत्राची दडलेली ताकद उघड केली, असे म्हणणे अनुकरणाच्या आरोपापेक्षा अधिक न्याय्य ठरेल.

१९३० च्या अखेरीस योशिदा थोरला मुलगा तोशी याच्यासह भारतात आला. १९३१–३२ मध्ये छापलेल्या त्याच्या भारतीय चित्रांत वेगवेगळ्या प्रहरांतील ताजमहाल, कांचनगंगा, उदयपूर यांच्याबरोबर अजिंठा आणि वेरूळही आहेत. आपल्या लेण्यांना जपानी ठशांत जागा मिळाली ती अशी.

या चित्रांचा मोठा ग्राहकवर्ग अमेरिकेत होता. ओहायोतील टोलेडो कलासंग्रहालयाने १९३० आणि १९३६ मध्ये भरवलेल्या प्रदर्शनांनी तो वाढवला. त्याचा परिणाम विषयांवरही झाला. कियोचिकाने आगगाडी रंगवली, तर शिन-हांगाच्या चित्रकारांनी देवळे, तळी आणि बर्फातली खेडी अधिक निवडली. दृष्टीने आधुनिक असलेल्या या चित्रांत आधुनिक जपान क्वचितच दिसतो, ही त्यांची खरी मर्यादा. त्याच काळातील सोसाकू-हांगा चित्रकारांनी वेगळी वाट धरली होती. यामामोतो कानाएने १९०४ मध्ये ‘कोळी’ हे चित्र स्वतः रेखाटून, कोरून आणि छापून श्रमविभागणीची रीतच नाकारली. दुसऱ्या महायुद्धानंतर आंतरराष्ट्रीय मान्यता या दुसऱ्या गटाकडे झुकली. जपान सरकारने मात्र पारंपरिक मुद्रणतंत्राचा दस्तऐवज म्हणून हासुईचे ‘झोजोजीतील बर्फ’ हे चित्र करवून घेतले आणि १९५३ मध्ये पूर्ण झालेल्या त्या चित्राच्या छपाईची टप्प्याटप्प्याने नोंद ठेवली.