'देश' नावाचा रकाना

दीडेक वर्षापूर्वी एका शनिवारी मी युरोपियन कपच्या सामन्यांचा छोटा डेटाबेस करायला घेतला. नोकरीशी त्याचा काही संबंध नव्हता. आठवडाभर लोकांच्या पगाराचे हिशेब करणारं सॉफ्टवेअर लिहायचं आणि सुट्टीच्या दिवशी फुटबॉलचं काहीतरी, हा माझा जुना नाद. मी कोल्हापुरात वाढलो. फुटबॉलचं वेड कुठून लागलं, हे कोल्हापूरकराला सांगावं लागत नाही आणि इतरांना सांगून पटत नाही.

बाद फेरीची स्पर्धा प्रोग्रामरच्या डोक्यात चटकन बसते. झाडासारखी रचना, प्रत्येक फेरीत निम्मे क्लब गळणार, शेवटी एक उरणार. मी क्लबांचा तक्ता केला, त्यात 'देश' असा रकाना घातला आणि तो रिकामा ठेवता येणार नाही असा नियमही घातला. देशांची यादी आयती मिळाली. अलीकडच्या मोसमांपासून मागे मागे भरत निघालो आणि १९९०-९१ पाशी अडकलो.

विजेता रेड स्टार बेलग्रेड. यादीत युगोस्लाव्हिया नव्हता, कारण त्यात फक्त आजचे देश होते. 'सर्बिया' निवडावं, तर १९९१ साली सर्बिया हे युगोस्लाव्हियातलं एक प्रजासत्ताक होतं, स्वतंत्र देश नव्हता. तो प्रश्न तसाच ठेवून पुढची ओळ घेतली: डायनॅमो ड्रेस्डेन, पूर्व जर्मनीचा विजेता. त्यानंतर स्पार्टाक मॉस्को, सोव्हिएत संघ. उपांत्यपूर्व फेरीतल्या आठपैकी तीन क्लबांच्या नावापुढे लिहायला माझ्याकडे देश नव्हता.

तो अख्खा रविवार मी त्या एका मोसमावर घालवला. त्यानंतरचेही बरेच.

ड्रेस्डेनची गोष्ट सगळ्यांत विचित्र. सप्टेंबर १९९० मध्ये स्पर्धा सुरू झाली तेव्हा पूर्व जर्मनी नकाशावर होती. ३ ऑक्टोबरला दोन्ही जर्मनी एक झाल्या. त्यामुळे मार्च १९९१ मध्ये ड्रेस्डेन रेड स्टारविरुद्ध उतरला तो विरून गेलेल्या देशाचा विजेता म्हणून. बेलग्रेडमध्ये रेड स्टार ३-० ने जिंकला. २० मार्चला ड्रेस्डेनमध्ये परतीच्या सामन्यात पाहुणे २-१ ने पुढे असताना प्रेक्षकांनी इतका धुडगूस घातला की शेवटची बारा मिनिटं उरली असताना खेळ थांबवावा लागला. युएफाने सामना ३-० असा रेड स्टारला दिला.

त्याच रात्री मार्सेलमध्येही सामना अर्धवट राहिला. आदल्या दोन्ही वर्षांचा विजेता एसी मिलान तिथे ख्रिस वॉडलच्या गोलमुळे मागे पडला होता. सामना संपायला दोनतीन मिनिटं असताना मैदानावरचे काही दिवे गेले. थोड्या वेळाने प्रकाश बऱ्यापैकी आला, पण मिलानच्या व्यवस्थापनाने संघ मैदानात पाठवला नाही. तोही सामना ३-० असा मार्सेलला दिला गेला आणि मिलानवर युरोपीय स्पर्धांत एका वर्षाची बंदी आली. तिकडे स्पार्टाकने रेआल माद्रिदला त्यांच्याच घरी ३-१ असं हरवलं. उपांत्य फेरीत मार्सेलने स्पार्टाकला दोन्ही सामन्यांत हरवलं. त्याच वर्षाच्या अखेरीस सोव्हिएत संघही संपला.

पण माझा जीव अडकला तो रेड स्टारमध्ये. आधी खेळाडूंची यादी पाहिली. देयान साविचेविच माँटेनेग्रोचा. दार्को पांचेव आणि इलिया नायडोस्की मॅसेडोनियाचे. रॉबर्ट प्रोसिनेच्की जन्मला जर्मनीत, वडील क्रोएट, आई सर्ब. सिनिशा मिहाइलोविच क्रोएशियातल्या वुकोवारचा, वडील सर्ब, आई क्रोएट. मिओद्राग बेलोदेदिच रुमानियातल्या सर्ब कुटुंबातला. तो १९८६ मध्ये स्टेआवा बुखारेस्टकडून हाच कप जिंकला होता आणि पुढे देश सोडून बेलग्रेडला पळून आला होता.

उपांत्य फेरीत समोर बायर्न म्युनिक. म्युनिकमध्ये आधी गोल खाऊन रेड स्टार २-१ ने जिंकला: पांचेवने बरोबरी साधली, साविचेविचने विजयी गोल केला. २४ एप्रिलला बेलग्रेडमध्ये मिहाइलोविचच्या फ्री किकवर आघाडी मिळाली. मग बायर्नच्या आउगेनथालरची साधी फ्री किक गोलरक्षक स्टोयानोविचच्या हातून सुटली आणि पाठोपाठ बेंडरने दुसरा गोल केला. एकूण हिशेब ३-३, परक्या मैदानावरचे गोलही दोघांचे दोन दोन. म्हणजे जादा वेळ. नव्वदाव्या मिनिटाला मिहाइलोविचचा क्रॉस अडवायला आउगेनथालरने पाय घातला, चेंडू उंच उडाला आणि त्याच्याच गोलरक्षकाच्या डोक्यावरून जाळ्यात पडला. हा गोल मी किती वेळा पाहिला असेल, मोजदाद नाही. आवाज बंद करून पाहिला तरी गॅलरीतला आवाज ऐकू आल्यासारखा वाटतो.

२९ मेला बारीमध्ये मार्सेलविरुद्ध अंतिम सामना. इतक्या हुन्नरी खेळाडूंच्या संघाने त्या रात्री जवळपास काहीच केलं नाही. प्रशिक्षक ल्युप्को पेत्रोविच यांनी त्यांना बचाव करत राहायला सांगितलं होतं. मार्सेल भारी आहे, मोकळं खेळलो तर मरू, हा त्यांचा अंदाज. १२० मिनिटं गोलशून्य. पेनल्टींत मार्सेलच्या मानुएल आमोरोसची पहिलीच किक अडली, रेड स्टारच्या पाचही आत गेल्या. शेवटची पांचेवची. रेड स्टारचा जुना कर्णधार द्रागान स्टोयकोविच आता मार्सेलकडे होता. तो जादा वेळात बदली म्हणून उतरला, पण पेनल्टी मारणाऱ्यांत तो नव्हता.

या सामन्यानंतर २७ दिवसांनी, २५ जूनला, स्लोव्हेनिया आणि क्रोएशिया यांनी स्वातंत्र्य जाहीर केलं. युद्ध सुरू झालं.

इथवर आलो तेव्हा लेख मनात तयार होता. देश फुटत असताना सगळ्या जातीजमातींची अकरा पोरं एकत्र आली आणि युरोप जिंकली. राजकारण्यांना जमलं नाही ते फुटबॉलने करून दाखवलं, वगैरे. असा लेख लिहायला सोपा आणि वाचायला गोड. मी अर्धा लिहिलाही. मग मैदानावरून नजर काढून गॅलरीकडे पाहिलं आणि तो पुसून टाकला.

त्याआधी वर्षभर, १३ मे १९९० रोजी, रेड स्टार झाग्रेबला डिनामोशी खेळायला गेला होता. क्रोएशियात पहिल्या बहुपक्षीय निवडणुका नुकत्याच झाल्या होत्या. दोन्ही क्लबांच्या समर्थकांत आणि पोलिसांत अशी दंगल पेटली की सामना झालाच नाही. रेड स्टारच्या समर्थकांचा म्होरक्या झेल्को राझ्नातोविच, ऊर्फ आर्कान. ऑक्टोबर १९९० मध्ये, म्हणजे स्पर्धेच्या पहिल्या फेऱ्या चालू असताना, त्याने सर्ब स्वयंसेवकांची सशस्त्र तुकडी उभी केली. तिच्यात भरती झाली ती बरीचशी याच गॅलरीतून. क्रोएशियात आणि मग बोस्नियात या तुकडीने जे केलं, त्यासाठी आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने आर्कानवर आरोपपत्र ठेवलं. खटला उभा राहण्याआधीच, २००० साली, बेलग्रेडमध्ये त्याचा खून झाला.

मिश्र संघ आणि ही गॅलरी, दोन्ही एकाच क्लबची. बायर्नविरुद्ध चेंडू जाळ्यात गेला तेव्हा जो आवाज उठला, त्यात पुढे बंदूक उचलणारे गळे नव्हते असं मानायला माझ्याकडे काहीही कारण नाही. ते पांचेवसाठी ओरडले, प्रोसिनेच्कीसाठी ओरडले. त्या ओरडण्याने त्यांचं काही अडलं नाही.

खेळाडूही यातून सुटले नाहीत. २ मे १९९१ रोजी बोरोवो सेलोमध्ये १२ क्रोएशियन पोलीस मारले गेले. मिहाइलोविच त्याच परिसरात वाढलेला. सहा दिवसांनी युगोस्लाव्ह कपच्या अंतिम सामन्यात स्प्लिटच्या हायडुकने बेलग्रेडमध्ये रेड स्टारला १-० हरवलं. त्या सामन्यात मिहाइलोविच आणि हायडुकचा एक बचावपटू एकमेकांवर धावून गेले, दोघांनाही बाहेर काढलं गेलं. तो बचावपटू इगोर स्टिमाच, म्हणजे २०१९ ते २०२४ आपल्या भारतीय संघाचा प्रशिक्षक. साइडलाइनवर उभं राहून पंचांशी हुज्जत घालणारा हा माणूस मी कितीदा टीव्हीवर पाहिला होता. तो त्या सामन्यात होता हे कळलं तेव्हा लॅपटॉप मिटून चहा करायला उठलो.

१८ नोव्हेंबर १९९१ रोजी मिहाइलोविचचं वुकोवार पडलं. दुसऱ्या दिवशी युरोपचा विजेता रेड स्टार मँचेस्टरला सुपर कप खेळत होता आणि १-० ने हरला. दोन सामन्यांची ती लढत एकाच सामन्यावर आणली होती, कारण बेलग्रेडमध्ये खेळणं शक्य नव्हतं. त्या मोसमात युरोपियन कपमधले त्यांचे 'घरचे' सामने हंगेरीत आणि बल्गेरियात झाले. ८ डिसेंबरला टोकियोत चिलीच्या कोलो-कोलोला ३-० हरवून ते जगज्जेतेही झाले. नंतर सगळे पांगले. १९९८ च्या विश्वचषकात प्रोसिनेच्कीने क्रोएशियासाठी गोल केला. १९९० मध्ये त्याने युगोस्लाव्हियासाठी केला होता. दोन वेगळ्या देशांसाठी विश्वचषकात गोल करणारा तो एकटाच. मिहाइलोविच आणि साविचेविच त्याच स्पर्धेत उरलेल्या युगोस्लाव्हियाकडून खेळले.

डेटाबेसचा प्रश्न मी शेवटी सरळ मार्गाने सोडवला. देशांचा वेगळा तक्ता केला आणि प्रत्येक देशाला 'पासून' आणि 'पर्यंत' अशा दोन तारखा दिल्या. युगोस्लाव्हियाचं डॉट वाययू हे इंटरनेटवरचं नाव तर २०१० पर्यंत चालू होतं. देश गेल्यावरही पत्ता शिल्लक. आता रेड स्टारच्या ओळीत 'युगोस्लाव्हिया' बिनचूक दिसतं. खेळाडूंच्या ओळींत काहींना एक देश, काहींना दोन.

प्रेक्षकांसाठी मात्र माझ्याकडे एकच रकाना आहे: उपस्थिती. बेलग्रेड, २४ एप्रिल १९९१, सुमारे ८०,०००. त्या आकड्यात कोण कोण होतं, कोण तिथून घरी गेलं आणि कोण कुठे गेलं, हे भरायला जागा नाही. गेल्या मोसमात कोल्हापूरला गेलो तेव्हा शाहू स्टेडियमच्या गॅलरीत बसून आमच्या पेठेसाठी घसा बसेपर्यंत ओरडलो. समोरच्या पेठेबद्दल जे ओरडलो, ते इथे लिहिण्यासारखं नाही. परतताना एसटीत त्या आकड्याची आठवण झाली. त्या दिवशीच्या उपस्थितीत मीही एक होतो.